दिवे तर लागतायत

टक्.

एकदाच, आणि मग गप्प. चावी मागे घेतली, पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. शेजारी आई, मांडीवर नारळांची पिशवी. मागे मावशी, तिच्या मांडीवर झाकलेलं ताट, ताटात मामेभावाच्या साखरपुड्याची साडी. सकाळचे साडेसात वाजलेले. चिपळूणहून गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर आणि मुहूर्त साडेदहाचा. पण आमच्याकडे मुहूर्ताआधी दोन तास पोचलं नाही की उशीर झाला असं धरतात. त्यामुळे गाडीत बसल्याबसल्याच आम्हाला उशीर झालेला होता.

नोव्हेंबर 2023. तुळशीची लग्नं नुकतीच लागलेली. सकाळी हवेत गारवा होता, एवढाच काय तो गाडीला सबब म्हणून देता येण्यासारखा बदल.

मी बॉनेट उघडलं. ही चूक होती. आमच्या आळीत बॉनेट उघडलं की ताशा वाजल्यासारखी माणसं गोळा होतात. वरच्या घरातले काका टॉवेल खांद्यावर टाकून आले, दूधवाला किटली ठेवून आला, समोरच्या बिल्डिंगमधला बँकेतला मुलगा दात घासत आला.

"पेट्रोल आहे ना?"

"प्लग काढून पुसा ताई, एका मिनिटाचं काम."

"चावीतली चिप गेली असेल. दुसरी चावी लावून बघा."

"दिवे लागतायत का बघ गं," काका म्हणाले. मी हेडलाइट लावले. समोरच्या चिऱ्याच्या गडग्यावर दोन पांढरे गोळे लख्ख उमटले. काकांनी टॉवेल झटकला. "दिवे तर लागतायत. म्हणजे बॅटरी ठणठणीत. तुझा सेल्फ गेला."

मागाहून चौकशी केली तेव्हा कळलं, काकांच्या गाडीचा सेल्फ आदल्याच महिन्यात गेला होता. दूधवाल्याच्या मोटारसायकलचा प्लग पावसाळाभर काळा पडत होता. बँकेतल्या मुलाने चिपवाली चावी कपड्यांसकट मशीनमध्ये धुतली होती. प्रत्येकजण माझ्या गाडीत आपापल्या गाडीचं शेवटचं दुखणं बघत होता. यात हसण्यासारखं फार नाही. आईला चक्कर आली की मीही आधी बीपीचंच नाव घेते, कारण गोळ्या मी स्वतः बीपीच्या खाते.

पडवीतल्या खुर्चीतून अण्णांचा आवाज आला. "गो, दिवे लागतात ते कळलं. सेल्फ मारताना मंद होतात का?"

"अण्णा, थांबा हो जरा. उशीर होतोय."

हे मी बोलले. लिहून ठेवते, कारण पुढचे साडेचार हजार रुपये या एका वाक्यापायी गेले.

काकांनी त्यांची मोठी गाडी तोंडाला तोंड लावून उभी केली आणि जंपर केबल काढल्या. लाल चिमटा लालला, काळा काळ्याला, त्यांची बॅटरी आणि आमची बॅटरी शेजारणींसारख्या जोडल्या. त्यांनी इंजिन रेस करून धरलं, मी चावी फिरवली. टक्. "सांगत होतो ना?" काका म्हणाले. शेवटी तिघांनी मिळून धक्का मारला. मी सेकंड टाकून क्लच दाबून बसले, उतार लागल्यावर सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि सुरू झाली. इतकी सहज, की मला तिचा रागच आला.

गुहागरला मी गाडी देवळामागच्या उतारावर, तोंड खाली करून लावली. साखरपुडा कसा झाला ते विचारू नका, माझं अर्धं लक्ष त्या उतारावर होतं. आणि परत निघताना, धक्का मारायला चार पोरगे तयार उभे असताना, चावीवर पहिल्या झटक्यात सुरू झाली.

कायम बंद पडलेली गाडी परवडते. मनात आलं तर सुरू होणारी परवडत नाही.

मी पुण्याला असते. गाडी चिपळूणला, आईवडिलांच्या दारात. अण्णांच्या डोळ्यांना काचबिंदू, त्यामुळे त्यांनी स्टिअरिंग सोडलं. मी महिन्यातून एकदा-दोनदा आले की ती फिरते, एरवी उभी. उभ्या गाडीची बॅटरी उतरते हे सगळ्यांना ठाऊक असतं. डिकीचं झाकण नीट बसलं नाही आणि आतला 5 वॅटचा एवढासा दिवा जळत राहिला, तरी 35 अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते. तेव्हा मी बॅटरीवर संशय घेतला यात माझी काही चूक नव्हती, अशी मी आजही स्वतःची समजूत काढते. दुकानदाराने जुनी बॅटरी मीटर न लावताच हातात तोलली, "तीन वर्षं झाली ना? संपली," म्हणाला आणि नवी बसवून दिली. साडेचार हजार. गाडी झटक्यात सुरू झाली. मी अण्णांना विजयी चेहऱ्याने सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." त्यांच्या "बरं झालं"चे बरेच प्रकार आहेत. हा त्यांतला खालून दुसरा.

तीन आठवडे ठीक गेले. मग डिसेंबरातल्या एका शनिवारी, टक्.

आता थोडं अण्णांबद्दल. ते टेलिफोन खात्यात होते. सगळी नोकरी फॉल्ट शोधण्यात गेली. ग्राहक म्हणे, "फोन बंद आहे." अण्णा म्हणत, बंद आहे हे कुणीही सांगेल, कुठपर्यंत चालू आहे ते सांगायला माणूस लागतो. एक्स्चेंजमधून निघालेली तार कॅबिनेटला येते, तिथून पिलरला, पिलरवरून खांबावरच्या डीपीला, म्हणजे जोडपेटीला, डीपीवरून घरात. डोकं नसलेला माणूस घरापासून सुरू करतो आणि एकेक जोड तपासत जातो. अण्णा सायकल काढून थेट मधल्या पिलरला जात. तिथे टोन आला की मागची सगळी वाट निर्दोष सुटली, नाही आला की पुढची. एका फेरीत निम्मं गाव आरोपातून मोकळं.

आम्हा भावंडांना लहानपणी याचा जाच व्हायचा. "पोट दुखतंय" म्हटलं की "कुठे दुखत नाही?" हा पहिला प्रश्न.

गाड्यांशी त्यांचा संबंध हौसेचा. माझ्या लहानपणी रस्त्यावर मुख्यतः दोनच गाड्या दिसत, फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडर. त्यांतली एक अण्णांनी चौथ्या की पाचव्या हाताने घेतली होती. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, डॅशबोर्डावर ओढायचा चोक आणि डिकीत हँडल. सेल्फने मान टाकली की पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचं. ते कसं धरायचं हे त्यांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं. चार बोटं आणि अंगठा एकाच बाजूला, अंगठा दांड्याला वेढायचा नाही. कारण इंजिनाने उलटी लाथ मारली तर वेढलेला अंगठा मोडतो.

ही लाथ खाऊन मोटारींच्या पहिल्या पिढीतल्या पुष्कळांनी मनगटं मोडून घेतली होती. त्यावर इलाज काढला अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने, 1911 साली. त्याआधी तो दुकानातला गल्ला विजेवर चालवणारी मोटर करून बसला होता. तिथून त्याने एक गोष्ट उचलली. जी मोटर दोन-तीन सेकंदांपुरतीच फिरायची आहे तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी चालतो, तापायच्या आत तिचं काम झालेलं असतं. 1912 च्या कॅडिलॅक गाड्या हँडलशिवाय सुरू व्हायला लागल्या. इंग्रजीत त्याला सेल्फ-स्टार्टर म्हणाले. आपल्याकडच्या गॅरेजांनी त्यातला स्टार्टर टाकून दिला आणि नुसता सेल्फ ठेवला. सेल्फ मारतो, सेल्फ उचलत नाही, सेल्फ जळाला. वेदान्त्यांनाही इतकं मोकळेपणी बोलता आलं नसतं.

तर ही मोटर सेकंदभरासाठी राक्षसासारखी खाते. आमच्यासारख्या छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर अँपिअर आणि वर. हेडलाइटचा एक 60 वॅटचा बल्ब पाच अँपिअर घेतो. हा फरक अण्णांना पहिल्या दिवसापासून दिसत होता आणि आळीतल्या कुणालाच दिसत नव्हता, मलाही नाही, आणि मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे.

त्या शनिवारी मी बॉनेट उघडलं नाही. पडवीत जाऊन बसले. अण्णा म्हणाले, "बरं, काय काय चालतं ते सांग."

"दिवे लागतात. हॉर्न वाजतो. चावी फिरवली की मागे पेट्रोलच्या पंपाची घूं ऐकू येते, दोन सेकंद. धक्क्यावर सुरू होते."

"म्हणजे इंजिन सुटलं, पेट्रोल सुटलं, स्पार्क सुटला, चावी सुटली. तो धक्का मारलास ना, तेवढ्यात या सगळ्यांची झडती झाली. तो बिचारा प्लग पुसायला सांगत होता." ते मनापासून हसले. "राहिलं काय? बॅटरी, सेल्फ आणि त्यांच्यामधली वाट. आता जा आणि माझा प्रश्न घेऊन जा."

मी गाडी गडग्याकडे तोंड करून ठेवलेलीच होती. हेडलाइट लावले, नजर भिंतीवर ठेवली, चावी फिरवली. टक्. गोळे तसेच. एक पापणीही लवली नाही.

"नाही होत मंद."

"अजिबात?"

"अजिबात."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "व्हायला हवेत गो. चांगल्या गाडीतसुद्धा व्हायला हवेत. शंभर अँपिअर ओढणारा पाहुणा जेवायला बसला आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताटात काहीच कमी पडलं नाही, तर समजायचं की त्याच्या पानापर्यंत वाढणं पोचलंच नाही."

बॅटरी उतरलेली असती तर दिवे मरगळून पिवळे पडले असते आणि टक्-टक्-टक्-टक् असा टाइपरायटर वाजला असता. सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, मोटर करंट मागते, बॅटरी कोसळते, सोलेनॉइड सुटतो, बॅटरी सावरते, पुन्हा ओढला जातो. मोटर आतून अडकली असती तर तिने करंट ओढला असता आणि दिवे खाली बसले असते. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. एक टक् आणि भिंतीवर शांत उजेड. करंट निघतच नव्हता.

अण्णांचा मीटर काळ्या बेकलाइटच्या डब्यातला, सुईवाला. त्यांनी तो आधीच पुसून, नवे सेल घालून ठेवलेला पाहिला तेव्हा कळलं की हे शनिवारची वाट बघत होते. सुई त्यांना आता दिसत नाही. "तू बघ आणि मला सांग. आकडा नुसता सांगू नकोस, सुई गेली कशी तेही सांग."

पहिलं माप बॅटरीच्या दोन टोकांवर. बारा आणि अर्ध्याच्या जरा पुढे, म्हणजे पूर्ण भरलेली. सहा घरं असतात आत, प्रत्येकी दोनाच्या किंचित वर. चावी फिरवायला बँकेतल्या मुलाला बसवलं. टक्. सुई जेमतेम बाराच्या खाली उतरली आणि परत आली.

"बॅटरी वाकलीसुद्धा नाही," अण्णा म्हणाले. "आता प्लसची बाजू सोडून दे. काळी टोचणी बॅटरीच्या मायनसवर, लाल टोचणी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. रंगावर नको, खरवडून लाव."

मला हे वेडेपणाचं वाटलं. मायनस आणि इंजिन, दोन्ही एकच की. जाड तारेने जोडलेले. एकाच गोष्टीच्या दोन टोकांत काय मोजायचं?

"तेच मोजायचं. काही येता कामा नये. फार तर अर्ध्या व्होल्टाच्या आत."

टक्. सुई उडी मारून आठाच्या पुढे गेली आणि तिथे थांबली.

मी आकडा सांगितला. अण्णा काही वेळ बोलले नाहीत, मग आईला हाक मारून म्हणाले, "अगो ऐकलंस? या गाडीत सगळं आहे, अर्थ तेवढा नाही."

टेलिफोनवाल्यांचं या अर्थवर, म्हणजे अर्थिंगवर, प्रेम असतं. एक्स्चेंजच्या बॅटरीचा प्लस जमिनीला जोडलेला असतो, मायनस नव्हे. ओल लागली तर तांब्याची तार विरघळून जाऊ नये म्हणून. गाड्यांत उलट, मायनस पत्र्याला. आमच्या गाडीत मायनसपासून दोन वायरी निघतात. एक बारीक, तिथेच शेजारी बॉडीला. दुसरी बोटाएवढी जाड, खाली गिअरबॉक्सला. दिवे, हॉर्न, रेडिओ हे बॉडीवरचे, त्यांची परतीची वाट बारीक वायरीने. सेल्फ गिअरबॉक्सवर बसलेला, त्याचे शंभर अँपिअर परत येणार ते जाड वायरीने. शंभर अँपिअरच्या वाटेत ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला तरी एक व्होल्ट गिळला जातो. दिव्याचे पाच अँपिअर त्याच अडथळ्यातून गेले तर व्होल्टाचा विसावा भाग, डोळ्यांना पत्ताही लागायचा नाही. म्हणून दिवे तर लागतायत, आणि म्हणूनच त्यांच्या लागण्याने काहीच सिद्ध होत नव्हतं.

खात्री करायला काकांचीच जंपर केबल मागवली. दुसरी गाडी नको म्हटल्यावर काका चक्रावले. काळ्या केबलचं एक टोक आमच्याच बॅटरीच्या मायनसवर, दुसरं आमच्याच इंजिनावर. चावी. सेल्फ असा फिरला की दात घासणारा मुलगा, आज ब्रशशिवाय, दचकला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जंपर केबल लावण्याच्या सूचनांमध्ये शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीवर लावू नका, इंजिनाच्या लोखंडाला लावा असं असतं. कारण वेगळं आहे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी त्याच्यापासून लांब पडावी. पण त्या सकाळी आम्ही नियम पाळला असता तर त्याच चिमट्याने तुटलेली वाट जोडली असती, गाडी चटकन सुरू झाली असती, आणि मग आम्ही अगदी खात्रीने बॅटरीलाच दोष दिला असता. काय म्हणावं याला? नियम मोडल्याने निदान एक खरा पुरावा तरी हातात राहिला होता, तो आम्ही वाचला नाही एवढंच.

दुपारी हायवेवरचा वायरिंगवाला पोरगा आला. आधी बॅटरीचा मायनस काढून बाजूला केला, मग एअर फिल्टरचा डबा काढून खाली हात घातला. बाराचा पाना लागला पण बोल्ट हलेना. तेल मारलं, चहा प्यायला, पुन्हा पाना लावला. बोल्ट कुरकुरत सुटला. वायरीच्या टोकाचा डोळा हिरवट-काळा झालेला आणि त्याच्या मागे, डोळा आणि लोखंड यांच्या मध्ये, वाळून दगड झालेला तांबूस गाळ.

तो गाळ आम्ही सगळ्यांनी ओळखला. वायरिंगवाला पोरगाही चिपळूणचाच. 22 जुलै 2021. वाशिष्ठी गावात शिरली, बाजारपेठेतले तळमजले बुडाले. 2005 च्या पुरात आमच्या आळीत पाणी आलं नव्हतं, त्यामुळे या खेपेसही येणार नाही असं अण्णांनी धरलं होतं. (शेवटचं दुखणं बघण्याचा रोग त्यांनाही आहे, हे इथे नोंदवून ठेवते.) पहाटे पाणी पायरीवर आलं तेव्हा गाडी हलवायला वेळ नव्हता. चाकं बुडून पाणी बंपरच्या वर चढलं. ओसरल्यावर मी फोनवर म्हटलं, सुरू करून बघा, तर अण्णा ओरडले होते, "चावी लावायची नाही!" इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला तर पाणी दबत नाही, आतल्या दांड्या वाकतात. ते ऐकलं म्हणून इंजिन वाचलं. मेकॅनिकने तेलं बदलली, फिल्टर कोरडा निघाला, सीट चार दिवस उन्हात वाळत पडल्या. गाडी निर्दोष म्हणून आम्ही तिला पेढा दाखवला. या एका बोल्टच्या मागे चिमूटभर गाळ बसून राहिला होता आणि अडीच पावसाळे लोखंड खात होता. नवी बॅटरी बसवताना वायर हलली, डोळा जरा घासला, तीन आठवडे संपर्क टिकला. दुकानदाराची बॅटरी नाही, त्याचा धसमुसळेपणा कामी आला होता.

पोराने डोळा पॉलिश पेपरने लालभडक होईपर्यंत घासला, गिअरबॉक्सवरची जागा घासली, ग्रीस लावून बोल्ट आवळला. दोनशे रुपये म्हणाला. अण्णांनी तीनशे दिले आणि गाळाचा तो खपला कागदात बांधून मागितला. आईने विचारलं, "हे कशाला?" ते म्हणाले, "असू दे."

मी जुन्या बॅटरीचं काय झालं ते विचारायला दुकानात गेले नाही. चांगली होती बिचारी.

रविवारी संध्याकाळी पुण्याला निघाले, आठवड्यापुरती गाडी घेऊन. अण्णा पडवीच्या कठड्याला धरून उभे होते. मला ते दिसत होते, त्यांना मी बहुधा नुसती हालचाल म्हणून. काळोख पडत आला होता. हेडलाइट लावले, गडग्यावर गोळे उमटले. चावी फिरवली, सेल्फ घुमला, इंजिन धरलं.

"झाले का मंद?" त्यांनी ओरडून विचारलं.

"झाले. चांगले झाले."

"हां. मग नीघ."